घाडीकाकांच्या अडतीस बाटल्या

"कार्ड कुठाय?"

आमच्या दवाखान्यात पाऊल टाकलं की पहिलं हेच ऐकायचं. या नाही, बसा नाही, काय झालंय नाही. कुत्रं मालकाच्या हातात विव्हळत असलं तरी राजाराम घाडी आधी हात पुढे करणार ते लसीच्या कार्डासाठी, मग कुत्र्यासाठी. घाटकोपर पश्चिमेला एका झेरॉक्सच्या दुकानाशेजारी आमचा हा प्राण्यांचा दवाखाना आहे. डॉक्टर जान्हवी मॅडम, कंपाउंडर घाडीकाका आणि काउंटरवर मी, शकु. मला अकरा वर्षं झाली. काकांना सत्तावीस. मॅडमचे वडील प्रॅक्टिस करायचे तेव्हापासून काका इथे आहेत.

लोक चिडायचे. एकदा एक बाई जुहूहून भल्यामोठ्या गाडीतून आली. म्हणाली, कार्ड ड्रायव्हरकडे राहिलंय, तुम्ही सुरू करा. काका म्हणाले, "मग ड्रायव्हरला बोलवा. कार्डाशिवाय मी हात लावत नाही." बाई लालबुंद. मी नंतर म्हटलं, काका, जरा गोड बोलत जा हो, गिऱ्हाईक आहे ते. तर मलाच म्हणाले, "शकु, कुत्र्याला सांगता येत नाही त्याला काय टोचलंय ते. मग मी कोणाला विचारू? तुला?"

आणि त्यांची दुसरी एक सवय होती. लसीचा नवा बॉक्स आला की फ्रिजमध्ये ठेवण्याआधी प्रत्येक बाटलीच्या लेबलवर, कोपऱ्यात, निळ्या बॉलपेनने तारीख लिहायची. करंगळीच्या नखाएवढी जागा, त्यात मुंगीएवढं अक्षर, आणि आकडे मराठी. इंग्रजी एक आणि सात त्यांना चष्म्याशिवाय सारखेच दिसायचे म्हणून मराठी. त्यांचा पाच जरा वेगळाच यायचा, शेपटी आत वळलेली. जुनी बाटली आधी वापरायची, नवी मागे ठेवायची, ह्यात सत्तावीस वर्षांत चूक नाही. माणूस तसा साधाच. कणकवलीकडचा. वडील परळला गिरणीत होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात ते पेन, डब्यात रोज भात. स्वतः कधी कुत्रं पाळलं नाही. दिवसभर तेच करायचं आणि घरी जाऊन परत तेच कोण करणार, म्हणायचे.

मे महिन्यात आमच्या बिल्डिंगचा मीटर बॉक्स जळला. शनिवारी दुपारी आम्ही बंद करून गेलो, सोमवारी सकाळी येऊन बघतो तर फ्रिज बंद, आत गरम हवा. आत अडतीस बाटल्या होत्या, सगळ्या एकाच दिवशी आलेल्या, सगळ्यांवर काकांच्या हातचं १५/५. मॅडमनी कपाळावर हात मारला. "लस एकदा तापली की पाणी आहे ते. काका, सगळ्या फोडा आणि दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिशवीत टाका." वहीत लिहिलंसुद्धा त्यांनी: अडतीस, नष्ट.

त्या दुपारी सर्वेश आला होता. सर्वेश म्हणजे काकांच्या गावचा मुलगा, त्यांच्या लहानपणच्या दोस्ताचा. इथे मुंबईत त्यांच्या गावकऱ्यांचं मंडळ आहे, दर महिन्याला रविवारी एका शाळेत सभा असते. कोणाच्या मुलाला नोकरी बघ, कोणाला हॉस्पिटलात रक्त दे, गावच्या देवळाला वर्गणी काढ. ह्या मंडळातल्या माणसाला नाही म्हणणं काकांच्या डिक्शनरीतच नव्हतं. सर्वेश म्हणाला, "काका, मी कुत्रे सांभाळायचा कोर्स करतोय, सुईत लस भरायला शिकायचंय, ह्या बाटल्या द्या ना. फोडताय कशाला?" काकांनी त्याला मिठाईच्या रिकाम्या खोक्यात भरून दिल्या. मी काउंटरवरून पाहिलं. मी खोटं का बोलू? पाहिलं, आणि चहा सांगितला तिघांना.

त्याच वर्षी आमच्याकडे ती पिल्लं यायला लागली होती. इम्पोर्टेड. दहा दिवसांपूर्वी घेतलेलं, अस्सल जातीचं, बाहेरच्या देशातून विमानाने आलेलं, आणि किंमत ऐकावी तर निम्म्याहून कमी. सोबत चकचकीत कागद, त्यावर कुठल्यातरी भाषेतला शिक्का, गोल्डन रंगात. कागदावर वय तीन महिने. मॅडम तोंड उघडून बघायच्या तर दात जेमतेम फुटलेले. कागदावर लिहिलेलं की मानेत ओळखीची चिप आहे. मॅडम मानेवरून स्कॅनर फिरवायच्या, एकदा, दोनदा, तो गप्प. विमान कसलं, आईपासून महिन्याभरातच तोडून टोपल्यांमध्ये कोंबून हद्दीपलीकडून ट्रकने आणलेली असायची, पोटात जंत, अंगात ताप. मॅडमचं डोकं फिरायचं. "स्वस्त इम्पोर्टेड असं काही नसतं हो! का नाही कळत तुम्हाला?" असं ओरडायच्या आणि लगेच सलाईन लावायला घ्यायच्या. काका पाय धरून उभे असायचे. त्यांनी हे सगळं धरलंय, स्वतःच्या हातांनी, चाळीस-पन्नास वेळा.

म्हणून सांगते, त्यांना माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

आता त्यांच्या घरचं सांगते. वनमालाकाकू. दोन वर्षांपूर्वी त्यांची विक्रोळीची जुनी बिल्डिंग पाडून टॉवर झाला आणि ते चौदाव्या मजल्यावर गेले. जुन्या जागेत काकूंचं दार सकाळी उघडायचं ते रात्री जेवणं झाल्यावर लागायचं, मधल्या वेळात पन्नास माणसं डोकावणार. वर गेल्यावर सगळ्यांची दारं बंद. त्यात काकूंचा डावा पाय जरा ओढायला लागला, मुलगी मानसी लग्न होऊन बडोद्याला गेली. काकू बोलायच्या कमी झाल्या. भांडण नाही, रडणं नाही, काही नाही. काका सांगायचे, मी सात वाजता घरी जातो तर ती लाईट न लावता बसलेली असते. विचारलं तर म्हणते, लावायचा राहिला. वर्षभर ती खाली उतरली नव्हती.

सप्टेंबरात एका सोमवारी काका जरा लाजतच आत आले. "शकु, काल एक पाहुणा आणला घरी."

शित्झू जातीचं पिल्लू. पांढरं आणि चॉकलेटी, पसाभर. सभेनंतर सर्वेशने त्यांच्या मांडीवर ठेवलं होतं. आता त्याचा हाच धंदा सुरू झालेला, बाहेरून मागवतो म्हणे. बाकीचे लोक फसवतात काका, माझा माल खरा, तुम्हाला म्हणून घरच्या भावात, काकूंना करमेल. मी हसले आणि त्यांचाच सूर काढला, "काका, कार्ड कुठाय?"

तेही हसले. "देणार आहे पाठवून. गावचा पोर आहे गं, त्याच्याकडे कागद मागत बसू?"

मी पण सोडून दिलं. इथे आणून मॅडमना दाखवा एवढं तरी म्हणायला पाहिजे होतं मी. म्हटलं नाही.

मग आठवडाभर रोज सकाळी आम्हाला झिलूचं पुराण. झील म्हणजे त्यांच्या मालवणीत मुलगा. काकूंनी त्याचं झिलू केलं. झिलू काकूंच्या चपलेत झोपला. झिलूला घेऊन काकू लिफ्टने खाली गेल्या, एकट्या, पाय ओढत. खाली तीन बायका थांबल्या, एकीने घरी चहाला बोलावलं. काल सात वाजता गेलो तर घरात लाईट चालू, आणि ही स्वयंपाकघरातून त्याच्याशी भांडतेय, असं सांगताना काका गॉगल लावल्यासारखे चष्मा वर-खाली करत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं बोलताना पाहिलं नव्हतं. मला खरंच बरं वाटलं होतं, अगदी मनापासून.

आठव्या दिवशी पिल्लाने खाल्लं नाही. नवव्या दिवशी सकाळी दोघंही रिक्षातून आले. काकूंच्या पदरात ते गुंडाळलेलं, पदर ओला आणि लाल. ते आत यायच्या आधीच वासावरून मला कळलं. ह्या दवाखान्यात अकरा वर्षं काढलेल्या माणसाला पार्वोचा, पिल्लांच्या त्या रक्ताच्या जुलाबांचा, वास कळतो.

टेस्टच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. मॅडमनी तोंड उघडून पाहिलं. "काका, हे सव्वा महिन्याचं असेल फार तर." मानेवरून स्कॅनर फिरवला. तो गप्प. मग मॅडम म्हणाल्या, "कार्ड कुठाय?"

त्या सहज म्हणाल्या, कामाच्या नादात. मला मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

काकांनी सर्वेशला फोन लावला. तासाभरात एक डिलिव्हरीवाला पाकीट टाकून गेला. काकांनी काउंटरपाशी उभं राहून कार्ड काढलं. चकचकीत, गोल्डन शिक्का, नाव-जात-जन्मतारीख सगळं परदेशी. पहिला डोस ह्या रकान्यात लसीचं लेबल चिकटवलेलं. काका बघत राहिले. मी वाकून पाहिलं. लेबलच्या कोपऱ्यात निळ्या बॉलपेनने, मुंगीएवढं: १५/५. पाचाची शेपटी आत.

मी वाट बघत होते की आता बसतील, ओरडतील, काहीतरी होईल. काही नाही. माझ्या मनात पटकन आलं, ते लेबल खरवडून टाकतील तर बरं, मी काही बोलणार नाही. मॅडमनी अजून पाहिलं नव्हतं. वहीत अडतीस नष्ट लिहिलेलं होतं, आणि सत्तावीस वर्षांची नोकरी होती, मार्चमध्ये निवृत्त होणार होते. काका चालत आत गेले आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

"मॅडम, हे अक्षर माझं आहे."

मॅडमना कळेना. मग कळलं. "त्या फोडल्या होत्या ना तुम्ही?"

"नाही. दिल्या. सर्वेशला."

मॅडमनी सुई उचलली. मग म्हणाल्या, "पाय धरा. शीर मिळत नाहीये." काकांनी पाय धरला. तो पाय त्यांच्या अंगठ्यापेक्षा बारीक होता.

तीन दिवस सलाईन चाललं. काकू रोज सकाळी यायच्या, बाकड्यावर बसून बोट पिंजऱ्यात घालायच्या. "खा रे झिला, वायच खा." थोडं तरी खा, एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने काकूंचं बोट चाटलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. कशाला डोलावली कोण जाणे. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला गेलं. काकूंचं बोट तसंच आत होतं. त्या रडल्या नाहीत. काका पण नाहीत. मॅडमनी सुई काढली, टेप काढला, मी पंखा बंद केला. का केला माहीत नाही. मला आतून काही वाटतच नव्हतं, हात आपोआप चालत होते.

दुसऱ्या दिवशी काका वेळेवर आले. फरशी पुसली, फ्रिजचं तापमान लिहिलं, आणि मग मला सांगितलं, बातम्या सांगावं तसं. घरी गेल्यावर काकूंनी वाटी धुऊन पालथी घातली. त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. फ्रिज, अडतीस बाटल्या, मिठाईचं खोकं. त्यांना वाटलं ती शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, म्हणाले. काकूंनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "एक आपल्याकडे इलो. मगे बाकीची सदतीस पिल्लां खय आसत?"

बाकीची सदतीस कुठे आहेत. मला, काकांना, मॅडमना, एकालाही हे सुचलं नव्हतं. कारण बघा ना, कार्डावर लेबल आहे, म्हणजे डोस झाला, म्हणून घरचे लोक निर्धास्त. परत कोण टोचून घेणार? आणि आत कुत्रं कोरं. तापलेली लस टोचली की नुसतं लेबल चिकटवलं, ते त्या सर्वेशलाच ठाऊक.

काका त्याच्याकडे गेले. पिल्लं कोणाकोणाला विकली ती नावं दे. सर्वेश म्हणाला, "काका, आपण एका गावची माणसं. एक पिल्लू गेलं तर दुसरं घेऊन जा ना, त्यात काय!" नावं दिली नाहीत. काकांनी मंडळाच्या सभेत उभं राहून विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, कुत्र्यांच्या गोष्टी इथे नकोत, त्याच्या बापाने देवळाच्या छपराला केवढं केलंय. कोणीतरी मागून म्हणालं, बाटल्या दिल्या कोणी मग? काका म्हणाले, मी दिल्या. आणि खाली बसले. त्यानंतर ते सभेला गेले नाहीत, आणि कोणी बोलावलंही नाही. मला एवढा संताप आला होता की मी निघालेच होते त्या शाळेत जायला. काका म्हणाले, जाऊ नकोस शकु, त्याने पिल्लं सापडणार नाहीत.

मॅडमनी सर्वेशविरुद्ध रीतसर लेखी तक्रार केली. ती कुठल्या टेबलावर आहे देव जाणे. काकांना त्यांनी एका सकाळी आत बोलावून सांगितलं, तुम्हाला काढायला पाहिजे मी. काका म्हणाले, हो. मॅडम म्हणाल्या, मला अजून ठरवता येत नाहीये, तोपर्यंत दार तुम्हीच सांभाळा. मग मॅडमनी त्या लेबलचा फोटो काढून मुलुंडपासून बोरीवलीपर्यंतच्या सगळ्या डॉक्टरांना पाठवला. कार्डावर असा आकडा दिसला तर डोस झालेला नाही असं समजा, कुत्रं आमच्याकडे पाठवा, लस आम्ही देऊ. खाली काकांनी हट्टाने स्वतःचं नाव घालायला लावलं. मॅडम नको म्हणत होत्या. "अक्षर माझं आहे तर नाव पण माझंच पाहिजे," म्हणाले.

मग ती कुत्री येऊ लागली. कधी आठवड्याला एक, कधी पंधरा दिवस कोणी नाही. कधी नुसता फोन, की होतं हो आमच्याकडे असं कार्ड, पण कुत्रं ऑक्टोबरातच गेलं. तेही काका एक ते अडतीस आकडे टाकलेल्या एका वहीत लिहून घेतात. मालकाचं नाव विचारतात, कुत्र्याचं नाव विचारतात, आणि सॉरी म्हणतात. समोरचा फोन आपटतो.

परवाच्या गुरुवारी मुलुंडहून चंद्रप्रकाश म्हणून एक गृहस्थ आले, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी, तिच्या दोरीला हस्की. आता आठ महिन्यांचा असेल, जीभ हातभर बाहेर, सगळ्यांवर उड्या. काकांनी हात पुढे करायच्या आधीच मुलीने कार्ड दिलं. "ह्याचे डोस झालेत अंकल, बघा."

काकांनी चष्मा वर केला. कोपरा पाहिला.

"हे अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "ही बाटली खराब होती आणि ती मी दिली होती. ह्याला एकही डोस मिळालेला नाही."

त्या माणसाला समजायला मिनिटभर लागलं. मग तो जे काही बोलला ते मी लिहीत नाही. मुलगी घाबरून कुत्र्याच्या गळ्यात पडली. शेवटी तो म्हणाला, "एवढं वय झालं तुमचं, लाज नाही वाटत?"

"वाटते," काका म्हणाले. "कुत्रा इकडे द्या."

मॅडमनी टोचलं. काकांनी मागचे पाय धरले होते. रिकामी बाटली हातात घेऊन त्यांनी तिचं लेबल सोललं, मुलीच्या कार्डावर नीट चिकटवलं, वर अंगठा दाबून धरला. मग बाटली फरशीवर ठेवून टाचेखाली फोडली, आणि काचा सुपलीत भरल्या. आता प्रत्येक बाटली ते तशीच फोडतात, गिऱ्हाइकाच्या समोर.

सहा वाजता फोन वाजला. रोज वाजतो, सहाला. काकूंचा असतो. घरी लाईट लावतात की नाही मी विचारलेलं नाही, पण फोन मात्र चुकत नाही. काकांचा फोन जुना, पलीकडचं सगळं ऐकू येतं.

"गावलो?" सापडला का?

"गावलो. मुलुंडचा."

"जितो आसा?" जिवंत आहे ना?

"जितो आसा. उड्या मारता."

काकूंनी फोन ठेवला. काकांनी वही काढून अठराव्या आकड्यासमोर हस्कीचं नाव लिहिलं. वर अकरा नावांवर रेघ मारलेली आहे, पहिली रेघ झिलूवर.

"अजून वीस राहिले," ते म्हणाले. बाकड्यावरचा पुढचा माणूस उठला, आणि काकांनी कार्डासाठी हात पुढे केला.